सगुणाबाय आणि राखलेला डुरा

सगुणाबाय माझी थोरली जाऊ. तिच्याबद्दल वाडीत कुणी वाकडं बोललेलं मला खपत नाही. बोलायचं असेल तर मी बोलेन, एकतीस वर्षं एका चुलीवरचं जेवले आहे मी तिच्याबरोबर. हट्टी आहे, घुमी आहे, चहात साखर घालताना हात आखडते. पण गेल्या वर्षी तिने जे केलं ते करायची माझी छाती झाली नसती, म्हणून सांगते.

आमची टेपवाडी दापोली तालुक्यात, डांबरी रस्ता संपतो तिथे. तेवीस उंबरे. निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला. पाऊस चार महिने नुसता कोसळतो आणि सगळा कातळावरून घसरून खाली जातो. मार्च उजाडला की आमच्याजवळ उरतो तो डुरा. कातळाच्या फटीतून पाझरणारं पाणी साठावं म्हणून खणलेला खड्डा, त्याला आम्ही डुरा म्हणतो. आमचा पुरुषभर खोल आहे, उतरायला पाच पायऱ्या. एप्रिलात तळाला वाटीभर पाणी जमतं, ते करवंटीने हंड्यात घालायचं आणि परत जमेपर्यंत बसून राहायचं. दुसरं पाणी खाली नदीच्या कोंडीत, म्हणजे डोहात. ते आटत नाही, पण तिथून भरला हंडा डोक्यावर घेऊन वर यायला पाऊण तास लागतो, आणि आल्यावर मानेला विचारावं लागतं, बाई, आहेस ना जागेवर?

आता वाडीची खोड सांगते. पाण्याची बोंब असलेल्या गावात पोरगी कोण देतो? म्हणून आमच्याकडे मुलगा बघायला पाहुणे यायचे असले की डुरा राखतात. दीड दिवस कुणी थेंब काढायचा नाही. सगळ्या बायांनी कोंडीवर जायचं, पोरांच्या आंघोळी बंद, भांडी राखेने घासून फडक्याने पुसायची. वर आणि पहाटे कोंडीतले वीस-पंचवीस हंडे आणून डुऱ्यात ओतायचे. पाहुणे येतात, वाकून बघतात, आणि म्हणतात, वा, एप्रिलात एवढं पाणी! आम्ही सगळ्याजणी पदर सावरून उभ्या, तोंडातून ब्र नाही. मुलगा कुणाचा का असेना, राखायचं सगळ्यांनी. या बाबतीत वाडीची एकी बघावी!

सगुणाबायचं लग्न असंच झालं. माहेर तिचं केळशीच्या बाजूला, दारात गोड्या पाण्याची विहीर, वर रहाट. बापूस येऊन डुरा बघून गेला आणि लेक दिली. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी ही कळशी घेऊन गेली तर कळशीचं बूड खडकाला लागलं. सासूने हातात करवंटी दिली. अठरा वर्षांची पोर, मुकाट्याने तासभर बसली आणि कळशी भरून घरी आली. रडली का, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाली, "रडून काय, पाणीच जायचा ना."

पुढचं मला सासूने सांगितलं. पहिल्या उन्हाळ्यात तिचा बापूस लेकीला भेटायला यायचा होता. तर हिने घराघरांत जाऊन बायांच्या हातापाया पडून डुरा राखायला लावला. बापासाठी! म्हातारा आला, भरलेला डुरा बघितला, हात-पाय धुतले, समाधानाने गेला. असं दर उन्हाळ्याला, तो होता तोवर. आपण लेकीला कुठे दिली ते त्याला मरेपर्यंत कळलं नाही. आणि तेव्हापासून डुरा राखायचा झाला की पुढारपण हिचंच. काठी घेऊन वरच्या दगडावर बसायची. कुणी चोरून तांब्या बुडवला तर खैर नाही.

दीर गेले त्याला सात वर्षं झाली. एकच मुलगा, दीपक, जयगडला बंदरात कामाला. पोरगा निर्व्यसनी, पगार वेळच्या वेळी, दिसायला आपल्या बापासारखा, म्हणजे बरा. पण वय चौतीस झालं. पाच ठिकाणी बोलणी झाली आणि मोडली. आजकालच्या पोरी हुशार, डुरा बघून भुलत नाहीत, आधी विचारतात, नळ आहे का? आमच्याकडे नळाचा खांब आहे. पंधरा वर्षांपूर्वी उभा केला, त्याला म्हशी अंग घासतात.

तर गेल्या एप्रिलात दापोलीला शिकणारी इंजिनेरिंगची पोरं आमच्याकडे यायची ठरली. गावागावांतून पाण्याची मोजणी करायची, आणि जिथे खरी नड असेल तिथे कोंडीवर सोलरचा पंप बसवून पाणी वर चढवायचं, टाकी, घरोघर नळ. पण असं काम एकाच गावाला मिळणार होतं. आमच्याशिवाय खाडीपलीकडचं एक गाव यादीत होतं. आमचे गावकर हरिश्चंद्रभाऊ, वाडीची सगळी कामं त्यांच्याच डोक्यावर, त्यांनी सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी बसते त्या चौथऱ्यावर, उभं राहून सांगितलं, "रविवारी दापोलीचे पाहुणे येणार हायत. नीट व्हायला पायजे."

झालं! पाहुणे म्हटल्यावर वाडीने काय करावं? डुरा राखला. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही, हात आपोआप चालले. बाय काठी घेऊन दगडावर. मीही पहाटे दोन हंडे ओतले, खोटं कशाला बोलू. तेवीस घरांत एकालाही सुचलं नाही की अगो, ही माणसं पोरगी द्यायला नाही, पाणी द्यायला येतायत!

दोन मुलगे आणि एक मुलगी आली. मुलगी पुढारी, अक्षया नाव, डोक्यावर टोपी, हातात टेप, बोलायला गोड. आम्ही त्यांना पाय धुवायला बादलीभर पाणी दिलं. बादलीभर! घरची वासरं बघत राहिली. कोकमाचं सरबत दिलं. अक्षयाने डुऱ्यात पट्टी सोडली, आकडे लिहिले, मग घरोघर फिरून विचारलं, काकी, दिवसाला किती हंडे लागतात? समोर परकी पोरगी, हातात वही, आणि आपण सांगायचं तीन हंड्यांत सहा माणसं भागवतो? मी म्हटलं, बारा. माझ्या लग्नात बारा हंडे आले नव्हते. शेजारणीने माझ्यावर कडी करून पंधरा सांगितले. पोरं खूश होऊन गेली.

पंधरा दिवसांनी कागद आला. हरिश्चंद्रभाऊंनी सहाणेवर वाचला. टेपवाडीचा झरा भर एप्रिलातही पुरेसा आहे, माणशी पाण्याचा वापर चांगला आहे, कोंडीवरच्या पंपाची गरज दिसत नाही. सबब डुऱ्यावर एक झाकण आणि एक पाईप बसवून मिळेल.

झाकण!

कुणी कुणाकडे बघेना. भाऊंनी कागदाची घडी घातली, परत उघडली, परत घातली. सगुणाबाय पायरीवर बसली होती ती उठली आणि मला म्हणाली, "काशे, उद्या पयल्या गाडीनं दापोलीला जायचा."

दापोलीला उतरलो, विचारत विचारत कॉलेजात गेलो. अक्षया आम्हाला बघून धावत आली, बसवलं, चहा मागवला. बायने चहाला हात लावला नाही. सरळ म्हणाली, "पोरी, आमी तुला फसवला." आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. डुरा कसा राखतात, हंडे कसे ओततात, बारा कसे सांगतात. बारा म्हणताना माझ्याकडे बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

अक्षयाचे डोळे भरले. "काकी, मी विचारलं होतं ना तुम्हाला! घरोघर येऊन विचारलं होतं."

"इचारलास गो बाय. पण तू पाव्हणी. पाव्हण्यांफुडं कोण सांगल, घरात पाणी नाय म्हणून?"

पोरगी चांगली. आमच्यावर रागावली नाही, स्वतःवरच चिडली. म्हणाली, सकाळी एकदा भरलेलं पाणी बघितलं आणि गेलो, दिवसभर बसायला हवं होतं. मग आत जाऊन सरांशी बोलून आली. सोमवारी शेवटची बैठक होती, त्यात कुठल्या गावाला पंप ते कायमचं ठरणार होतं. त्याआधी रविवारी सर स्वतः येऊन बघतील. "फक्त एक करा काकी. काहीही करू नका. रोज असतो तसा डुरा ठेवा."

"ठेवते," बाय म्हणाली.

परतीच्या एसटीत माझा फोन वाजला. दीपक होता. आवाजातच हसू. केळशीच्या बाजूचं स्थळ, मुलीचं नाव मनस्वी, नर्सिंग केलेली. मुलीला फोटो पसंत, मुलगाही पसंत, दोघं दोन-तीनदा फोनवर बोलली पण होती. तिचे वडील सखारामभाऊ घर बघायला येतायत. कधी? रविवारी. रविवारशिवाय दीपकला सुट्टी कुठली? आणि शेवटी म्हणाला, "काकी, आयेला सांग, डुरा राखा हां नीट."

मी बायला सांगितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. वाकवलीपर्यंत तशीच बघत होती.

शुक्रवारी संध्याकाळी बाया आमच्या अंगणात जमल्या. खरं सांगू? एकीचंही मन वाईट नव्हतं. सगळ्या म्हणाल्या, सगुणाबाय, तू आमच्या पोरांसाठी एवढी वर्षं उन्हात बसलीस, आता तुझ्या पोराची पाळी, आम्ही राखतो. नळ काय, आज ना उद्या येईल, दीपकचं वय परत येणार आहे का? मीही तेच म्हटलं. अजून कुणी विचारलं तर तेच म्हणेन.

बाय म्हणाली, "भरा पाणी. रोजच्यासारखा भरा." आणि स्वतः हंडा घेऊन डुऱ्यावर गेली, आपला नंबर लावून बसली. दगडावर नाही, रांगेत.

शनिवारी दिवेलागणीला दीपक आला. डुरा कोरडा बघूनच घरी आला. पायातल्या चपला काढल्या नाहीत. "आये, एक दिवस! मी तुझ्याजवळ एक दिवस मागितला गो! वाडीतल्या समद्यांच्या पोरांसाठी राखलास, माझ्याच टायमाला तुला खरा बोलायचा आठवला?"

"इंजिनेर येणार हायत उद्या. उद्या नाय बघितला तर पंप जातो," ती म्हणाली. "तेवीस घरांचा हाय रे."

"मग तेवीस घरांनाच पोर म्हण. तुला सून नकोय, तुला नळ पायजे!"

मी मध्ये पडले, त्याला दोन शब्द सुनावले. बायने त्याला भाकरी वाढली, तो जेवला नाही. ताट झाकून ठेवलं. मला वाटलं होतं, आता तरी विरघळेल, आता तरी म्हणेल, जा काशे, बायांना बोलाव. कसली विरघळते!

रविवारी नऊ वाजता सर आणि पोरं आली. डुऱ्याभोवती अकरा बाया, अकरा हंडे. खाली तळाला हरिश्चंद्रभाऊंची सून करवंटीने पाणी ओढत होती. अक्षयाने मोबाइलवर वेळ लावली. एक हंडा भरायला बावीस मिनिटं. सरांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, दुसरा हंडा पण मोजू. दुसरा अर्धा भरला होता तेवढ्यात वळणावरून जीप आली. रस्ता तिथेच संपतो, तेव्हा जीप उभी राहिली ती बरोब्बर डुऱ्यासमोर.

सखारामभाऊ उतरले. पांढरा शर्ट, सोबत त्यांची मंडळी आणि एक भाऊ. समोर बघतात तर ही रांग. म्हणाले, "इथं चाललाय काय?"

माझ्या तोंडात तयार होतं. आज डुरा साफ करायला काढलाय, म्हणून उपसलाय. शप्पथ, जिभेवर होतं! पण बाय पुढे झाली. पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि म्हणाली, "भाऊ, मी दीपकची आवस. हा आमचा पाणी. एवढाच हाय."

ते खाली वाकून बघत राहिले.

"मी पण केळशीकडचीच," ती म्हणाली. "माझ्या बापसाला या लोकांनी भरलेला डुरा दाखवला. मग मी पण त्याला मरस्तवर भरलेलाच दाखवला, त्याला वाईट वाटू नये म्हणून. तुमची पोर हिथं आली तर तिला ह्या करवंटीनं भरायला लागंल. आज ही पोरं मोजायला आलीत, पंप झाला तर नाय लागायचा. पण होईल का ते मला ठाव नाय. मी तुमाला खोटा दाखवणार नाय."

दीपक घराच्या पायवाटेवर उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि मागे वळून गेला. माझं काळीज तुटलं हो. पोरगा नवा शर्ट घालून उभा होता.

सखारामभाऊ भला माणूस. घरी आले, ओटीवर बसले, गूळ-पाणी घेतलं. तांब्यातलं पाणी अर्धंच प्यायले आणि बाकीचं न सांडता खाली ठेवलं. पोह्यांना नको म्हणाले. निघताना बायला म्हणाले, "बाय, तुमी खरा बोललात, तुमचे उपकार हायत. पण मी पोरीचा बापूस हाय." त्यात वावगं काय आहे? मी त्यांच्या जागी असते तर जीपमधून उतरले पण नसते.

चार दिवसांनी नकार आला. त्याच दिवशी हरिश्चंद्रभाऊ ओरडत आले की पंप टेपवाडीला मिळाला. वाडीने फटाके लावले. बाय दारात आली, हसली, आत गेली. मी मागोमाग गेले तर चुलीपुढे बसून रडत होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं मी. "माझा पोर गो," एवढंच म्हणत होती. मी काय सांगणार? मीही बसले रडत.

दीपक त्या रविवारी दुपारीच निघून गेला होता. नंतर फोन नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. गणपतीला आला नाही. गणपतीला! सातासमुद्रापलीकडचा माणूस गणपतीला कोकणात येतो, आणि हा जयगडहून आला नाही. आरतीच्या वेळेला बाय तीनदा बाहेर जाऊन एसटी बघून आली. मी त्याला फोन लावून यथेच्छ शिव्या घातल्या. त्याने ऐकून घेतल्या आणि म्हणाला, "काकी, ड्युटी हाय."

भातकापणी झाल्यावर काम सुरू झालं. अक्षया आणि तिची पोरं दर शनिवार-रविवार यायची. आम्ही बायांनी कोंडीपासून वर टेपापर्यंत, म्हणजे वाडीच्या उंचवट्यापर्यंत, पाईप खांद्यावर वाहिले, टाकीची वाळू वाहिली. एकदा पोरांनी पाईप गुरांच्या वाटेवरून नेला, तर बायने तो काढायला लावून कुंपणाकडून नेला. अक्षयाने वाद घातला नाही. तीही शिकत होती, आम्हीही शिकत होतो. आता ती काही विचारायला आली की मी आधी खरा आकडा सांगायची, मग सरबत द्यायची.

फेब्रुवारीत पाणी सोडलं. उद्घाटनाला कुणी साहेब नको, असं पोरांनीच ठरवलं. अक्षया म्हणाली, पहिला नळ सगुणाकाकींच्या दारातला. बायने नळ फिरवला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. बाया ओरडल्या, पोरं नाचली, हरिश्चंद्रभाऊ डोळे पुसत होते आणि धूळ गेली म्हणत होते. बाय मात्र माझ्याकडे वळली. "काशे, दीपकला लाव."

मी लावला. नशीब, उचलला. बायने फोन हातात घेतला आणि काही न बोलता नळाखालच्या हंड्याजवळ धरला. हंडा भरला, वाहायला लागला, पाणी अंगणातून पायरीपर्यंत गेलं. फोनमध्ये सामसूम. मला वाटलं ठेवला मेल्याने.

मग त्याचा आवाज आला. "आये, बंद कर गो नळ. वाया जातोय."

आयुष्यात जिने तांदळाचं धुवण सांडलं नाही ती बाई म्हणाली, "जाऊ दे रे. तू ऐक."

तो ऐकत राहिला. बराच वेळ. मग घसा खाकरून म्हणाला, "शिमग्याला येतोय मी," आणि आला. आठ दिवस राहिला. पालखी नाचवली, आईच्या हातची भाकरी खाल्ली, आणि टाकीवर चढून झाकण नीट बसतं का तेही बघून आला.

मनस्वीचं लग्न झालंय, ठाण्याला दिली. सुखात राहो. आमच्या दीपकचं अजून व्हायचंय. पस्तीस पूर्ण, पोरगा निर्व्यसनी आहे, मी आधीच सांगितलं. कुणाच्या ओळखीत चांगली मुलगी असेल तर जरूर कळवा. घर बघायला, पाणी बघायला कुठल्याही दिवशी या. आधी सांगून यायची गरज नाही.